गुडघ्यावरची पट्टी

‘लिगामेंट’ हा शब्द भूममध्ये डॉक्टरांनी नाही, कबड्डीनं आणला. पूर्वी मैदानावर गुडघ्याला काही झालं की ‘पाय मुरगळला’ एवढ्यावर भागायचं. हळदीचा गरम लेप, वर जुन्या धोतराचं फडकं, आणि आठ दिवसांनी गडी परत मैदानात. आता बसस्थानकासमोरच्या टपरीवर अर्धा कप चहा घेत माणसं सांगतात, ‘एसीएल गेलंय. नऊ महिने तरी धरून चाला.’ सांगणाऱ्याचा रोजचा धंदा बहुधा खव्याच्या भट्टीचा असतो. पाच लिटर दूध आटवून किलोभर खवा काढताना हात सारखा ढवळता ठेवावा लागतो, तोंड मात्र रिकामं असतं. त्या रिकाम्या तोंडातून भूम तालुक्यात जेवढं अस्थिरोगशास्त्र बाहेर पडतं, तेवढं एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयातही शिकवत नसतील.

नऊ महिन्यांचा हिशेब तसा बरोबर आहे. गुडघ्यातला तो बंध तुटला, शस्त्रक्रिया झाली, की खेळाडूला साधारण तेवढा काळ थांबायला सांगतात. पण डॉक्टरांचं लक्ष जखमी गुडघ्यावर असतं आणि टपरीवाल्यांचं त्याच्या समोर उभ्या राहणाऱ्या सात जणांवर. गडी परत आला की त्या सात जणांचं काय होतं, हा खरा चर्चेचा विषय. त्यांना तर काहीच झालेलं नसतं. त्यांचे चौदाही गुडघे शाबूत असतात. तरी चढाईपटू मध्यरेषा ओलांडून आत आला आणि त्याच्या पायावर ती मातकट रंगाची क्रेप पट्टी दिसली, की या धडधाकट माणसांची चालच बदलते.

एक खुलासा करून टाकलेला बरा. भूम ज्यात येतं तो धाराशिव खरं म्हणजे खो-खोचा जिल्हा. इथल्या खो-खोपटू सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हापासून जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळेच्या मैदानावर खांब दिसला की लोक अदबीनं बाजूनं जातात. पण खो-खोत पळणाऱ्याला नऊ जणांच्या हातातून निसटायचं असतं. कबड्डीत माणूस सात जणांच्या घरात आपण होऊन जातो, तोंडानं ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत, तीस सेकंदांची मुदत घेऊन, आणि कुणाला तरी हात लावून परत यायची उमेद बाळगतो. असला धाडसी पाहुणा दुखापतीनंतर पुन्हा दारात उभा राहिला, तर घरच्यांचा गोंधळ होणारच.

गोंधळाची पहिली पायरी म्हणजे ‘कुठला गुडघा?’

सामन्याआधी गोल करून उभ्या राहिलेल्या संघात प्रशिक्षक हळूच सांगतो, ‘त्याचा उजवा गेलता. उजव्यालाच लागा.’ सगळे माना हलवतात. मग डाव्या कोपऱ्यावरच्या गड्याच्या डोक्यात प्रकाश पडतो, की चढाईपटू आपल्याकडे तोंड करून येणार. म्हणजे त्याचा उजवा पाय आपल्या डाव्या हाताला. उजव्या कोपऱ्यावरचा म्हणतो, सरांनी माझ्याकडं बघून सांगितलं, म्हणजे काम माझं. मध्यरक्षक दोघांनाही गप्प करतो. एवढ्यात पंच शिट्टी मारतो. पहिल्या चढाईला दोन्ही कोपरे एकाच वेळी पुढं सरकतात, एकमेकांकडं बघून दोघंही थबकतात, आणि तोवर पट्टीवाला बोनस रेषेपलीकडं पाऊल टाकून, दुसरं पाऊल हवेत ठेवून, सावकाश परत निघालेला असतो. एक गुण. कुणाला स्पर्श नाही, झटापट नाही.

आणि समजा गुडघा सापडलाच, तर दुसरी अडचण अंतःकरणाची. घोट्याला हात घालून पाय ओढायचा किंवा पट काढायचा म्हणजे ताण थेट त्या गुडघ्यावर. प्रेक्षकांत त्याची आजी बसलेली. पुन्हा काही झालं तर गावात तोंड कसं दाखवायचं? पकड करणारा क्षणभर, अगदी क्षणभर, विचार करतो. कबड्डीत बचावपटूनं विचार करणं म्हणजे धावत्या बसमधून उतरताना सामान आठवणं. तुम्ही खाली, पिशवी वर.

भूमच्या टपरीवर या विषयाचा ग्रंथराज म्हणून ज्याचा दाखला निघतो, तो मराठी माणूस नाही. तो पवन सेहरावत, दिल्लीचा. प्रो कबड्डीच्या नवव्या हंगामात तमिळ थलायवाजनं त्याला सव्वादोन कोटींहून अधिक, नेमकं सांगायचं तर २ कोटी २६ लाख रुपये मोजून घेतलं. एवढी रक्कम तोवर कुणालाच मिळाली नव्हती. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी बंगळुरूत गुजरात जायंट्सविरुद्ध हंगामातला पहिला सामना. सुरुवातीच्याच काही मिनिटांत गुडघा फिरला आणि गडी स्ट्रेचरवरून बाहेर गेला. गंमत पहा, हा देशातला सर्वांत महागडा चढाईपटू जखमी झाला तो चढाईत नव्हे, दुसऱ्याची पकड करायला गेला तेव्हा. टपरीवर यावर एकमत आहे: ज्याचं काम त्यानं करावं.

पुढं जे घडलं ते मात्र टपरीच्या तत्त्वज्ञानाला जड गेलं. पवनशिवाय थलायवाज संपले, असं सगळ्यांनी धरलं होतं. त्याच हंगामात नरेंद्र कंडोला नावाचा नवखा पोरगा चढाईला उभा राहिला, दोनशेच्या वर गुण घेऊन बसला, आणि थलायवाज इतिहासात पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोचले. इतर संघांच्या बचावानं महिनोन्‌महिने पवनचे व्हिडिओ बघून तयारी केली होती. त्याची उडी, त्याचं वळणं, तो हात कुठून काढतो, सगळं पाठ. आणि आला भलताच. परीक्षेला भूगोलाचा अभ्यास करून गेलेल्या मुलापुढं बीजगणिताचा पेपर यावा, तसं. तारा खेळला तर बचाव घाबरतो, आणि नाही खेळला तर चुकीच्या माणसासाठी घाबरून ठेवलेलं सगळं वाया जातं. दोन्हीकडून नुकसान बचावाचंच.

पवन परतला तो भारताचा कर्णधार म्हणून. जून २०२३ मध्ये बुसानला आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात इराणला ४२-३२ असं हरवलं. म्हणजे नऊ महिने पुरे व्हायलाही आठवडाभर बाकी होता. भट्टीवाल्यांचं पंचांग चुकलं ते एवढंच. मग हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धा. तिथल्या कबड्डीच्या पदकाबद्दल भारतीय मन विशेष हळवं आहे. १९९० मध्ये बीजिंगला कबड्डी या स्पर्धांत आली, तेव्हापासून पुरुषांचं सुवर्ण आपल्याच घरी यायचं. २०१८ मध्ये जकार्तात इराणनं उपांत्य फेरीत तो हक्क हिसकावून घेतला. त्यामुळं ७ ऑक्टोबर २०२३ चा अंतिम सामना पुन्हा इराणशीच पडला, तेव्हा भूमपासून बंगळुरूपर्यंत मोबाइलचे चार्जर आधीच शोधून ठेवलेले होते. तारीख लक्षात घ्या. गुडघा फिरला त्याला वर्ष व्हायला एकच दिवस कमी.

शेवटचं मिनिट आणि थोडं वर, गुण २८-२८. चढाई ‘करो या मरो’ची, चढाईला पवन. तो बाजूच्या लॉबीत गेला, कुणाला स्पर्श न करता, आणि त्याच्या मागोमाग इराणचे बचावपटूही लॉबीत घुसले. आता आली का पंचाईत. एका नियमानं पवन एकटा बाद. दुसऱ्या नियमानं त्याच्या मागं गेलेलेही बाद. पंचांनी एक निर्णय दिला, भारतानं हरकत घेतली; तो फिरवला, इराणनं हरकत घेतली. खेळाडू मॅटवर बसून राहिले. सामना सुमारे तासभर थांबला. कबड्डीत एक चढाई तीस सेकंदांची. या एका चढाईचा निकाल लावायला शे-सव्वाशे चढायांचा वेळ गेला. अखेर भारत ३३-२९ असा जिंकला.

नियम कोणता खरा, यावर अजूनही दोन तट आहेत आणि त्यांना चहा वेगवेगळा लागतो. पण बचावाच्या मानसशास्त्राच्या दृष्टीनं महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे. माणूस आपल्या पायानं मैदानाबाहेर चाललाय, तर त्याच्या मागं जायचं कारण काय? कारण एकच, तो पवन होता. दुसरा कुणी असता तर त्याला हात जोडून ‘या पुन्हा’ म्हटलं असतं. वर्षभरापूर्वी स्ट्रेचरवरून गेलेल्या माणसाला आपल्या पायानं जाऊ द्यायची इराणी बचावाची तयारी नव्हती.

एवढं झाल्यावर त्याचा भाव वाढणार हे उघडच होतं. दहाव्या हंगामात तेलुगू टायटन्सनं २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले. मोडलेल्या गुडघ्यासकट किंमत चढली. जनावरांच्या बाजारात असा व्यवहार करून दाखवा. बैल एकदा लंगडला की दलाल रुमालाखालची बोटं लगेच कमी करतो. आणि या विक्रमी खरेदीचं फळ? टायटन्स २२ सामन्यांत २ जिंकून तळाला. पवननं गुण काढले, दोनशेच्या घरात काढले, पण त्याला बाद केलं की मागं काय उरतं, हे समोरच्यांना एव्हाना कळलं होतं. बचावाची भीती एका माणसापुरती असेल तर तो बाहेर बसेपर्यंतच टिकते. जिथून तो गेला तो संघ उपांत्य फेरीत आणि जिथं आला तो तळाला, हा हिशेब भूमच्या एका निवृत्त पी. टी. सरांना आजतागायत सुटलेला नाही. ते म्हणतात, मांडणीतच काहीतरी चुकलंय.

मराठी मनाला खरा जवळचा दाखला अस्लम इनामदारचा. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या नगर, जिल्ह्यातल्या टाकळीभानचा पोरगा. पुणेरी पलटण १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत पहिल्यांदा अंतिम सामना खेळली तेव्हा तो दुखापतीमुळं बाहेर होता, आणि जयपूरकडून पलटण २९-३३ अशी हरली. चार गुणांनी. ‘अस्लम असता तर’ हे वाक्य त्या हिवाळ्यात पुण्याच्या पेठांत आणि नगरच्या वाड्यावस्त्यांत इतक्या वेळा उच्चारलं गेलं, की त्याला व्याकरणात संकेतार्थाचं अधिकृत उदाहरण म्हणून घ्यायला हरकत नव्हती. पुढच्या हंगामात तो कर्णधार होऊन आला. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पलटणनं करंडक उचलला आणि हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून अस्लमचंच नाव पुकारलं गेलं.

पण गुडघा काही करंडक बघत नाही. अकराव्या हंगामात तो पुन्हा जायबंदी होऊन बाहेर बसला आणि गतविजेती पलटण बाद फेरीपर्यंतही पोचली नाही. बाराव्या हंगामात पुन्हा तोच कर्णधार, पुन्हा पलटण अंतिम फेरीत; ३१ ऑक्टोबर २०२५ ला दबंग दिल्लीनं ३१-२८ असा घास तोंडचा काढला. या चार वर्षांचा आलेख एखाद्या कागदावर काढला तर वर-खाली, वर-खाली असा बालाघाटाच्या डोंगररांगेसारखाच दिसेल. भूमची माणसं त्या रांगेत राहतात. त्यांना चढ-उताराचं नवल नाही.

अस्लमची चढाई पाहिली की पट्टीवाल्या गड्याचा दुसरा एक धोका लक्षात येतो. जखमेतून उठलेला शहाणा चढाईपटू पहिल्यासारखा खेळतच नाही. त्याला उशिरा का होईना कळतं की प्रत्येक वेळी घरात घुसून तिघांना घेऊन यायची गरज नसते. दोन चढाया रिकाम्या घालवायच्या, घड्याळ पळू द्यायचं, एखादा बोनस टिपायचा. बोनसनं आपला बाद गडी जिवंत होत नाही, पण फलकावरचा आकडा होतो. बचावानं अभ्यास केलेला असतो जुन्या माणसाचा, अंगावर येणाऱ्याचा. आणि समोर उभा असतो एक सावध, हिशेबी, बँकेतल्या कारकुनासारखा गृहस्थ. सात जण वाट बघतात की हा आता उडी मारेल, मग मारेल. तो ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत निघून जातो.

सिद्धार्थ देसाईचं दुखणं खांद्याचं. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा हा ‘बाहुबली’ सहाव्या हंगामात यू मुम्बाकडून आला आणि पहिल्याच वर्षी २१८ गुण चढाईत घेऊन गेला. पुढच्या वर्षी टायटन्सनं १ कोटी ४५ लाख दिले. आठव्या हंगामात सुरुवातीलाच दुखापत, हंगाम बुडाला. खांद्याची गंमत अशी की त्याची पट्टी बनियनखाली झाकली जाते. बचावाला काही कळत नाही, म्हणून तो सगळ्याच अवयवांना घाबरतो.

हा रोग कबड्डीचाच आहे असंही नाही. अमेरिकेत फुटबॉल म्हणून एक खेळ आहे, ज्यात चेंडू बहुतेक वेळ हातात असतो. त्यात ‘रनिंग बॅक’ नावाचा एक इसम तो लांबट चेंडू काखेत मारतो आणि समोरच्या अकरा धिप्पाड माणसांच्या भिंतीत घुसतो. म्हणजे आपला चढाईपटूच, फक्त चिलखत घातलेला आणि तोंड बंद ठेवणारा. मिनेसोटा वायकिंग्जच्या एड्रियन पीटरसनचा गुडघा २४ डिसेंबर २०११ ला, ऐन नाताळच्या आदल्या दिवशी, तुटला. पुढच्या सप्टेंबरात हंगामाच्या पहिल्याच सामन्यात तो उभा होता. त्या हंगामात तो २,०९७ यार्ड धावला. एरिक डिकरसनचा १९८४ चा २,१०५ यार्डांचा विक्रम आठ यार्डांनी राहिला. साताठ मीटर. कबड्डीचं मैदान तेरा मीटर लांब असतं, म्हणजे मैदानभरही नाही. समोरचे संघ त्याला अडवायला नेहमीपेक्षा एखाददुसरा जास्त माणूस पुढं आणून उभा करायचे, म्हणून मागं जागा मोकळी पडायची. भट्टीवाल्या मामांना हे समजावून सांगितलं तर ते एवढंच म्हणतील, ‘म्हणजे लोणच की.’

हे सगळं मोठ्या पडद्यावरचं. खाली गावच्या स्पर्धांत पट्टीचं शास्त्र जास्त विकसित आहे, कारण तिथं एमआरआय नसतो, फक्त अफवा असते. मैदान मातीचं, पाणी मारून, रोलर फिरवून, वर भुसा टाकून केलेलं. अशा ठिकाणी जखमी गड्याच्या परतण्याची बातमी स्पर्धेच्या पत्रिकेआधी पोचते. ‘आलाय म्हणं.’ ‘चालतोय का?’ ‘चालतोय, पण जरा दबूनच.’ हे ‘जरा दबून’ महत्त्वाचं. काही हुशार गडी चांगल्या पायाला पट्टी बांधतात. काही दोन्ही पायांना बांधतात. एखादा जुना खोड गुडघ्याला काहीच न बांधता मनगटाला बांधून येतो आणि संपूर्ण बचाव पूर्वार्धभर त्याच्या मनगटाकडं बघत बसतो. पट्टीला खर्च पन्नास-साठ रुपये. एवढ्या पैशात सात जणांना कामाला लावणारी दुसरी योजना ग्रामीण भागात नाही.

भूमकडं एक गोष्ट सांगतात. सांगणारा बदलला की गावाचं नाव बदलतं, कधी ईट, कधी पाथरूड, कधी माणकेश्वर; त्यामुळं ती कुठंच घडली नसेल किंवा सगळीकडं घडली असेल. सत्तर किलो वजनी गटाची स्पर्धा. यजमान गावाचा चढाईपटू सहा महिन्यांनी परतणार होता. समोरच्या संघानं त्याच्यासाठी खास तयारी केली. पहाटे उठून साखळीचा सराव, एका चुलतभावाच्या गुडघ्याला पट्टी बांधून त्याला रोज चाळीस वेळा पाडायचं. चुलतभाऊ स्पर्धेआधीच जखमी झाला, पण सराव पक्का झाला.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी वजनकाटा आला. एक-एक गडी चढला, उतरला. पट्टीवाला चढला. काटा एकाहत्तर किलो चारशे ग्रॅम.

सहा महिने घरात बसलेला गडी. आईनं रोज रात्री दूध दिलेलं. मामाची खव्याची भट्टी. कुंथलगिरीला जो येईल-जाईल तो ‘पोराला ताकद यावी’ म्हणून पेढ्याचा पुडा सोडून गेलेला. गुडघा भरून आला, बाकीचंही भरून आलं. पट्टी सोडली, शर्ट काढला, करदोटाही काढायची तयारी दाखवली. काटा हलेना. पंच म्हणाले, नियम म्हणजे नियम.

आणि तेव्हा समोरच्या संघाचा कर्णधार पुढं आला. ‘असू द्या हो सर,’ तो काकुळतीला येऊन म्हणाला, ‘चौदाशे ग्रॅमचं काय एवढं? खेळू द्या त्याला. आम्ही महिनाभर ह्याच्यासाठीच उठलोय.’ पंच ऐकेनात. त्याच्या जागी अकरावीतला एक किडकिडीत पोरगा घेतला, छप्पन्न किलोचा, ज्याचं नाव पुकारणाऱ्यालाही माहीत नव्हतं. पहिल्या चढाईला दोन्ही कोपरे सवयीनं त्याच्या उजव्या गुडघ्यावर झेपावले. तिथं पट्टी नव्हती, मांस नव्हतं, धरायला काही नव्हतंच. पोरगं दोघांच्या मधून निसटून मध्यरेषेवर पोचलं तेव्हा फलकावर दोन गुण लागले होते, आणि एकाहत्तर किलो चारशे ग्रॅम गुणलेखकाच्या टेबलाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, पट्टी पुन्हा गुंडाळत, मोठ्यानं ओरडून सांगत होते, ‘बोनस पण झालाय, सर, बोनस धरा!’